मशीनचं डिझाइन एआय करेल, पण तपासणार कोण?

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली आणि चॅटबॉटच्या गर्दीत दोन दिवसांत मागे पडली. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस पुन्हा एका कंपनीच्या रोजच्या कारभारात उतरले. कंपनीचं नाव प्रोजेक्ट प्रोमिथियस. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीनुसार तिच्याकडे ६.२ अब्ज डॉलर, म्हणजे ५० हजार कोटी रुपयांहून जास्त भांडवल आहे आणि बेझोस तिथे विक बजाज यांच्यासोबत सह-सीईओ आहेत. २०२१ मध्ये ॲमेझॉनचं सीईओपद सोडल्यानंतर रोजच्या कामाचं असं पद त्यांनी पहिल्यांदाच घेतलं.

एवढा पैसा कशासाठी? कॉम्प्युटर, गाड्या, विमानं, अवकाशयानं अशा वस्तूंचं इंजिनिअरिंग आणि उत्पादन एआयच्या मदतीने करायचं, हा बेत आहे.

ही एकच बातमी असती तर श्रीमंत माणसाचा नवा नाद म्हणून सोडून देता आली असती. पण त्याच वर्षी मार्चमध्ये सीमेन्सने अल्टेअर ही सिम्युलेशन सॉफ्टवेअरची कंपनी सुमारे १० अब्ज डॉलरला विकत घेतली. जुलैमध्ये चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सिनॉप्सिसने ॲन्सिस ही कंपनी सुमारे ३५ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतली. डिसेंबरमध्ये एनव्हिडियाने सिनॉप्सिसमध्ये २ अब्ज डॉलर गुंतवले. अल्टेअर, ॲन्सिस ही नावं तुम्ही ऐकली नसतील, तर मेकॅनिकलला असलेल्या एखाद्या मित्राला विचारा. त्याची निम्मी प्रोजेक्ट्स यांच्याच सॉफ्टवेअरवर झालेली असतील.

या बातम्यांच्या खाली एक कमेंट हमखास असते: "आता मशीनचं डिझाइनही एआय करणार, इंजिनिअर संपले." यातला पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे. दुसरा भाग मात्र घाईचा आहे. नेमकं काय बदलतंय ते आधी पाहू, मग नोकऱ्यांचं बोलू.

मशीनचं डिझाइन म्हणजे नेमकं काय?

समजा तुम्हाला कारच्या सीटखालचा एक ब्रॅकेट बनवायचा आहे. आधी कॉम्प्युटरवर त्याचं थ्रीडी मॉडेल काढायचं. मग त्या मॉडेलचे हजारो-लाखो बारीक तुकडे पाडायचे. या जाळीला मेश म्हणतात. मग सांगायचं की इथे बोल्ट आहेत, इथे माणसाचं वजन येणार, अपघातात या दिशेने एवढा जोर बसणार. सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते काढतं आणि रंगीत चित्र दाखवतं. लाल दिसलं तिथे धोका, निळं दिसलं तिथे धातू उगाच जास्त घातलाय. मग आकार बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

ब्रॅकेटसारख्या छोट्या भागाला एका फेरीला फार वेळ लागत नाही. पण अख्ख्या कारवरून हवा कशी वाहते हे अचूक काढायचं असेल, तर शेकडो प्रोसेसर तासन् तास चालवावे लागतात. त्यामुळे डिझायनर मोजकेच आकार तपासू शकतो आणि त्यातला बरा निवडतो. आपण वापरतो त्या बऱ्याच वस्तूंचं डिझाइन वेळ आणि बजेट संपलं म्हणून तिथे थांबलेलं असतं. त्याहून चांगला आकार असूच शकत नाही, असं कुणी सिद्ध केलेलं नसतं.

एआय घुसतंय ते नेमकं या फेऱ्यांमध्ये.

एक शब्द, तीन वेगळी कामं

बातम्यांमध्ये सगळ्यालाच एआय म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी त्या एका नावाखाली खपतात.

पहिली गोष्ट, आकार शोधणारे प्रोग्राम. हे बिलकुल नवीन नाहीत. 'या जागेत, या ताणाखाली, कमीत कमी धातू वापरून आकार काढ' हे गणित सोडवायची एक पद्धत बेंडसो आणि किकुची यांनी १९८८ मध्येच मांडली होती. नासाने तर २००६ मध्ये एसटी-५ मोहिमेच्या छोट्या उपग्रहांवर अशा पद्धतीने तयार झालेला अँटेना अवकाशात पाठवला. प्रोग्रामने अँटेनाचे असंख्य नमुने बनवले, चांगले ठेवले, वाईट टाकले, चांगल्यांची सरमिसळ करून पुढची पिढी काढली. शेवटी जे हाती आलं ते वाकड्यातिकड्या पेपरक्लिपसारखं दिसत होतं. कुठल्याही इंजिनिअरने कागदावर असा आकार काढला नसता. मोहिमेची कक्षा मध्येच बदलली, तेव्हा गरजेनुसार नवा नमुनाही काही आठवड्यांत तयार झाला.

जनरल मोटर्स आणि ऑटोडेस्क यांनी २०१८ मध्ये दाखवलेला सीट ब्रॅकेट याच घराण्यातला. सॉफ्टवेअरने दीडशेहून जास्त पर्याय दिले. निवडलेल्या आकारात आठ सुट्या भागांचा एक भाग झाला, वजन ४० टक्क्यांनी कमी आणि मजबुती २० टक्क्यांनी जास्त. दिसायला तो हाडासारखा होता. असे आकार थ्रीडी प्रिंटिंगने बनतात, आणि धातूचं प्रिंटिंग हळू नि महाग असतं. पत्र्याचा साधा ब्रॅकेट प्रेसमधून काही सेकंदांत बाहेर पडतो. लाखो गाड्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट, इंजिनिअरचं ज्ञान नियमांच्या रूपात कोडमध्ये उतरवणं. दुबईच्या लीप ७१ या कंपनीने नॉयरॉन नावाची अशी प्रणाली बनवली आहे. जून २०२४ मध्ये तिने डिझाइन केलेलं, तांब्याच्या मिश्रधातूत थ्रीडी प्रिंट केलेलं ५ किलोन्यूटनचं रॉकेट इंजिन ब्रिटनमध्ये पेटवून पाहिलं आणि ते पहिल्याच प्रयत्नात चाललं. अंतिम तपशील ठरल्यापासून छपाईला जाईपर्यंत दोन आठवड्यांहून कमी वेळ लागला, असं कंपनी सांगते. बातम्यांमध्ये 'एआयने रॉकेट इंजिन बनवलं' असं छापून आलं. पण चॅटजीपीटी जसं इंटरनेट वाचून शिकतं, तसं हे काही शिकलेलं नाही. उष्णता किती, दाब किती, भिंत किती जाड हवी, थंड करायचे मार्ग कसे हवेत, हे नियम माणसांनी बसून लिहिले आहेत. म्हणजे माणसाचं डोकं वापरलंच गेलं, फक्त एकदा लिहून ते पुन्हा पुन्हा वापरता येतंय.

तिसरी गोष्ट खरी नवी आहे आणि मोठ्या कंपन्यांची धावपळ मुख्यतः तिच्यासाठी चाललीय. जुन्या हजारो सिम्युलेशनची उत्तरं न्यूरल नेटवर्कला दाखवायची. मग नवा आकार दिला की ते पूर्ण गणित न करता थेट उत्तराचा अंदाज देतं. जिथे तास लागायचे तिथे काही सेकंद. क्रिकेट पाहून पाहून मुरलेला माणूस बॅटवर चेंडू लागताक्षणी 'सिक्स' म्हणतो, तसं. तो चेंडूचा मार्ग मोजत नाही, तरी बहुतेक वेळा बरोबर असतो.

पण मुरायला आधी खूप पाहावं लागतं. २०२४ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी यासाठी ८,००० हून जास्त कार-आकारांचा खुला डेटा तयार केला. त्याचा आकार ३९ टेराबाइट, म्हणजे २५६ जीबीचे सुमारे दीडशे फोन गच्च भरतील एवढा. तो बनवायला ३० लाख सीपीयू-तास खर्च झाले. एकच प्रोसेसर कोर अखंड चालवला असता तर ३४० वर्षं लागली असती. सेकंदात मिळणाऱ्या उत्तराचं बिल आधीच भरलेलं असतं, ते असं.

गडबड कुठे होते?

आकार शोधणारा प्रोग्राम अत्यंत आज्ञाधारक असतो, आणि हाच त्याचा दोष आहे. तुम्ही जे सांगितलं तेवढंच तो पाळतो. ब्रॅकेटवर कुठून किती जोर येणार याची यादी तुम्ही दिलीत. पण मेकॅनिक कधीतरी त्यावर पाय देऊन उभा राहील, हे लिहायला विसरलात. प्रोग्राम त्या बाजूचा धातू बिनदिक्कत कापून टाकतो, कारण त्याच्या हिशेबात तिथे काही घडतच नाही. पाना फिरवायला जागा हवी हे सांगितलं नाही, तर बोल्टपाशी हातही जाणार नाही असा आकार तो देईल. अनुभवी डिझायनर या गोष्टी कुणी न सांगता धरून चालतो.

नासाच्या गॉडार्ड केंद्रात रायन मॅक्लेलँड हे इंजिनिअर एआय सॉफ्टवेअरने अवकाश मोहिमांचे भाग डिझाइन करतात. काही भागांचं वजन यात दोन तृतीयांशापर्यंत कमी होतं आणि डिझाइन तासा-दोन तासांत हाती येऊ शकतं. तेच मॅक्लेलँड हेही सांगतात की प्रोग्राम मोकळा सोडला तर तो कधीकधी भाग फारच बारीक करून ठेवतो, म्हणून माणसाची नजर लागते.

अंदाज देणाऱ्या एआयची अडचण वेगळी आहे. त्याला सेडान गाड्या दाखवून शिकवलं आणि मग रिक्षाचा आकार दिला, तरी ते 'माहीत नाही' म्हणत नाही. तितक्याच ठामपणे एक आकडा देतं. तो आकडा बरोबर की चूक, हे आकड्याकडे बघून कळत नाही.

याहून अवघड भानगड सरासरीची. जाहिरातीत लिहिलेलं असतं की उत्तर ९८ टक्के अचूक. पण मशीन सरासरीला तुटत नाही, सगळ्यात जास्त ताण असलेल्या एका बिंदूला तुटतं. अख्ख्या भागावर अंदाज बरोबर आणि एका कोपऱ्यावर चूक असेल, तर तो कोपराच महत्त्वाचा.

याचं जुनं उदाहरण म्हणजे कॉमेट. प्रवासी वाहतूक करणारं जगातलं पहिलं जेट विमान. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट विमानं उडत असतानाच फुटली. तेव्हा एआय तर सोडाच, आजच्यासारखे कॉम्प्युटरही नव्हते. हिशेब माणसांनीच केला होता आणि ढोबळ मानाने विमान पुरेसं मजबूत होतं. पण चौकशीत इंग्लंडमध्ये फार्नबरोला अख्ख्या विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा कळलं की खिडक्या आणि इतर भोकांच्या कोपऱ्यांजवळ ताण अपेक्षेपेक्षा खूप जास्त होता. रोजच्या चढ-उताराने तिथे धातू थकत गेला आणि भेग पडली. कागदावर सुटलेली चूक टाकीत सापडली.

सॉफ्टवेअरमध्ये बग निघाला तर रात्रीतून अपडेट पाठवता येतो. रस्त्यावर गेलेल्या दोन लाख गाड्यांच्या ब्रॅकेटला अपडेट जात नाही. गाड्या परत बोलवाव्या लागतात, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असू शकतं.

म्हणून शेवटी वस्तू बनवून, हलवून, आपटून, तोडून बघावीच लागते. भारतात कोणतंही नवं वाहन मॉडेल विकण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. पुण्यात १९६६ पासून असलेली एआरएआय ही त्यातली एक. डिझाइन माणसाने केलं की एआयने, ब्रेक लावल्यावर गाडी ठरलेल्या अंतरात थांबली पाहिजे एवढंच तिथे बघतात.

चिपवाल्यांनी हे आधी पाहिलंय

पुढे काय होईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर हातातल्या फोनकडे बघा. आयफोन १५ प्रो मधल्या ए१७ प्रो चिपमध्ये १९ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत. ते कुणी हाताने बसवलेले नाहीत. चिपने काय करायचं हे इंजिनिअर कोडमध्ये लिहितो आणि सॉफ्टवेअर त्याचं सर्किटमध्ये रूपांतर करतं. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या सिनॉप्सिसचा धंदा यावरच उभा राहिला. ॲन्सिस विकत घेणारी कंपनी तीच, हा योगायोग नाही. चिपच्या बाबतीत जे घडलं ते मशीनच्या बाबतीत घडेल, यावर लावलेला हा डाव आहे.

चिपच्या बाबतीत काय घडलं? सर्किट आपोआप बनायला लागल्यावर चिप भराभर मोठ्या होत गेल्या, आणि मग ती बरोबर आहे का हे बघणंच मोठं काम होऊन बसलं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक सापडली. आतल्या एका तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. त्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर तपासणीचं महत्त्व वाढतच गेलं. आज चिप कंपन्यांमध्ये व्हेरिफिकेशन इंजिनिअर हे वेगळं करिअर आहे, आणि कित्येक प्रोजेक्टमध्ये डिझाइन करणाऱ्यांपेक्षा तपासणारे जास्त असतात.

बनवणं स्वस्त झालं की तपासणं महाग होतं. ब्रॅकेटचे दीडशे पर्याय मिळाले, छान. आता त्यातला कुठला कारखान्यात बनेल, कुठला पाच पावसाळे गंज सोसेल, कुठल्याचा कोपरा थकेल, हे कुणीतरी सांगायला हवं. आणि खाली सही करायला हवी. एआय सही करत नाही.

पुण्याच्या फ्रेशरचं काय?

इथवर वाचून वाटेल की मग इंजिनिअरला काही धोका नाही. अनुभवी इंजिनिअरला बहुतेक नाहीच. खरी अडचण पहिल्या पायरीवर आहे.

पुणे हे गाड्यांचं गाव आहे, तसंच गाड्यांच्या सिम्युलेशनचंही. हिंजवडीपासून चाकणपर्यंत कितीतरी ऑफिसमध्ये देशी-परदेशी कंपन्यांच्या गाड्यांचं, इंजिनांचं, ट्रॅक्टरचं गणित होतं. मेकॅनिकलची पदवी झाल्यावर हायपरमेशचा क्लास लावायचा आणि अशा ऑफिसात शिरायचं, ही वाट हजारो मुलामुलींनी चोखाळली आहे. पहिलं वर्ष-दोन वर्षं काम काय? मॉडेलमधल्या फटी बुजवणं, मेश करणं, वाकडे झालेले तुकडे सरळ करणं. कंटाळवाणं काम, आणि एआयला सगळ्यात सोपं जाणारंही हेच. नेहमी सारखंच असतं, नियम ठरलेले असतात, आणि शिकायला कंपनीकडे जुन्या फाइल्सचा ढीग पडलेला असतो.

पण याच कंटाळवाण्या कामातून नजर तयार होत होती. सीनियरने मॉडेल तीनदा परत पाठवलं की कळायचं, या गोलाईजवळ जाळी बारीक का हवी. लाल डाग खरा कुठला आणि बोल्ट चुकीचा जोडल्यामुळे आलेला खोटा कुठला, हे शंभर चित्रं बघितल्यावर ओळखता यायचं. ॲन्सिस असो वा अल्टेअर, एआयने दिलेलं उत्तर चुकलंय हे ओळखणारा माणूस या पायरीवरूनच वर गेलेला असतो.

आता कंपनीने ही पायरीच काढून टाकली तर आजचा ताळेबंद सुधारेल. दहा वर्षांनी तपासायला माणसं कुठून आणणार? या प्रश्नाचं उत्तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या प्रेझेंटेशनमध्ये नसतं, कारण तो त्याचा प्रश्नच नाही. तो आपला आहे. आपल्याकडे हे काम करणारी तरुण मुलं इतकी आहेत की पहिला चटका त्यांनाच बसणार.

यावर उपाय नाही असं नाही. फ्रेशरला मेशऐवजी तपासणीचं काम द्यावं. एआयचा अंदाज, पूर्ण सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष चाचणीचे आकडे शेजारी ठेवायचे आणि तिघांत फरक कुठे पडतो, का पडतो, हे शोधायचं. यात तो मेशपेक्षा लवकर शिकेल. पण त्यासाठी सीनियरचा वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाच्या बिलात धरायचा हे कंपन्यांना ठरवावं लागेल.

शिकत असाल तर

फक्त एक सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासवर भिस्त ठेवू नका. कुठलं बटण कुठे आहे हे ज्ञान सगळ्यात आधी शिळं होईल. त्याऐवजी हाताने अंदाजे उत्तर काढायची सवय लावा. साध्या बीमचं सूत्र वापरून कागदावर आलेला आकडा आणि स्क्रीनवरचा आकडा यात दहापट फरक असेल, तर काहीतरी चुकलंय हे कुणीही सांगू शकतं. फ्रीकॅड, ओपनफोम, कॅल्क्युलिक्स ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर छोटी मॉडेल चालवतात. कॉलेजच्या लॅबमधल्या यूटीएमवर एखादा तुकडा स्वतः तोडून बघा. सिम्युलेशनने सांगितलं तिथेच तुटला का? नसेल तुटला, तर का नाही, हे शोधण्यात तुमचं खरं प्रोजेक्ट आहे.

आणि मेकॅनिकलचे नसाल, नुसतीच 'एआयने इंजिन बनवलं' अशी रील समोर आली असेल, तरी तीन प्रश्न विचारा. वस्तू खरोखर बनवून चालवून पाहिली, की फक्त स्क्रीनवर आहे? एआय कशावरून शिकलं, आणि ही नवी वस्तू त्याच प्रकारची आहे का? आणि ती चुकली तर जबाबदार कोण? नॉयरॉनच्या इंजिनाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं, ते खरंच पेटवून दाखवलं होतं. बऱ्याच रील्सना पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.